आईची दोन बोटं

३ ऑगस्ट

ढब्बूस,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

काल तू फोन आपटलास. फाटकाबाहेरच्या बाकावर मी मोबाइल कानाला लावून तशीच बसले होते. बसची वाट बघणाऱ्या एका बाईने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "भाऊ गेला." बिचारी एकदम गंभीर झाली. मग तू गेला नाहीस, फक्त चिडलायस, हे तिला पटवून देण्यात माझी संध्याकाळची सुट्टी संपली.

खुणांच्या भाषेचे दुभाषी घडवणाऱ्या आमच्या संस्थेत फाटकाच्या आत आवाज बंद असतो, हे मी तुला आल्या आल्या सांगितलं होतं आणि तू हसला होतास. जे काय बोलायचं ते हातांनी, अगदी मीठ मागायचं असलं तरी. तोंडाने बोलायचं तर संध्याकाळी बाहेर त्या बाकावर. त्या तेवढ्या वेळात तू ओरडणार आणि मी ऐकणार असेन, तर पत्र बरं. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही.

तुझं म्हणणं मला नीट कळलंय. परत मांडते, चुकलं तर सांग. आईच्या उजव्या मनगटातली गाठ नसेवर दाबतेय. तशीच ठेवली तर हाताची पकड हळूहळू जाईल. ऑपरेशन केलं तर पकड राहील, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं राहू शकतं. हे डॉक्टरांनी तुला आणि मावशीला बाहेर बोलावून सांगितलं. आई आत स्टुलावर एकटी बसली होती. आता वीस तारखेला परत दाखवायला जायचंय. तेव्हा मी यावं, डॉक्टरांचं सगळं बोलणं आईला हातांनी सांगावं आणि बोटांचं तेवढं गाळावं. म्हणजे ती घाबरणार नाही आणि निमूट सही करेल.

"दोन बोटांनी काय अडतं? डॉक्टरच म्हणाले," असं तू म्हणालास. त्या डॉक्टरांचं नसेल अडत. ते तोंडाने बोलतात. आई जन्मापासून ऐकत नाही, बोलते ती हातांनी. दुकानात काजं-बटणं करायला तिला अंगठा आणि दोन बोटं पुरतील, हे मलाही कळतं. पण ती आयुष्यभर नुसती काजंच करणार आहे का?

बरं, मला येता येणार नाही. एक तर आमचे शेवटचे दोन महिने आहेत, आता रजा घेतली तर परीक्षेला बसू देत नाहीत. दुसरं म्हणजे इथला पहिला नियमच असा, की घरच्या माणसासाठी दुभाष्याचं काम करायचं नाही. केलं तर नाव कापतात. गेलं वर्षभर मी इथे झक मारायला राहिलेली नाही.

आईला चिठ्ठी लिहून दाखवू, असं मावशी म्हणाली म्हणे. आईला कपड्यांची मापं आणि आपली तिघांची नावं वाचता येतात. तेवढ्यात ऑपरेशन बसतंय का बघा.

राग उतरला नाही. आशीर्वाद पुढच्या पत्रात.

ताई


७ ऑगस्ट

चिरंजीव ढब्बूशेठ,

तुझं पत्र आलं. त्याच पाकिटात मावशीच्या दोन ओळी: "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू शिकलेली आहेस, तुला जास्त काय सांगायचं." मावशीला सांग, मूठ आईची आहे. झाकायची का उघडायची, ते आई बघेल.

तू लिहितोस, "तिला सांगितलं तर ती ऑपरेशनला नाही म्हणेल, आणि मग पूर्ण हातच गेला तर तू उत्तर देणार आहेस का?" तू उगाच घाबरत नाहीयेस. ती खरंच नाही म्हणू शकते. तिचा हट्ट मला माहीत आहे, मलाही तिने ऑपरेशन करून घ्यावंसंच वाटतं. तू मला शत्रूसारखं लिहितोस म्हणून सांगून ठेवते.

इथे काल काय झालं ते ऐक. आमचे मुख्य शिक्षक बहिरे आहेत. इथे प्रत्येकाला खुणेचं एक नाव मिळतं, त्यांचं नाव "भुवई". ते रागावले की फक्त डावी भुवई वर जाते, बाकी चेहरा जागच्या जागी. काल वर्गात त्यांनी भांडण मांडलं. बायको बहिरी, नवरा ऐकणारा, मध्ये दुभाषी मी. बायकोने हातांनी सांगितलं, "तू भिकारडा आहेस आणि तुझी आई तुझ्याहून भिकारडी." मी नवऱ्याला तोंडाने सांगितलं, "मला तुमच्या दोघांचा फार त्रास होतो." (आवाजाला परवानगी फक्त या तासाला असते.) नवरा झालेला मुलगा म्हणाला, "बरं, बघू." भांडण मिटलं. मला वाटलं, वा.

भुवईंनी माझे ओठ वाचले होते. भुवई वर गेली. ते म्हणाले, "ते दोघं भांडत होते. तू मिटवलंस. तुला कोणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, घरी मी असंच करते आणि घर नीट चालतं. ते म्हणाले, "तुझं घर तुझ्यावर चालतं. तू इथे आहेस, तर आता कसं चाललंय?"

मला इतका राग आला की मी जेवले नाही. मग भूक लागली म्हणून जेवले. वर्गात मी सगळ्यांत चांगली, कारण मी आईकडून शिकलेय, बाकीचे पुस्तकातून. आणि सगळ्यांत जास्त लाल खुणा माझ्याच वहीत. सगळ्यांना वाटतं मी आगाऊ आहे. तुझ्याशी कोणी सहमत होईल असं एवढंच एक ठिकाण आहे बघ.

आईला माझा नमस्कार सांग. तेवढी खूण तुला येते.

ताई


१२ ऑगस्ट

ढब्बू,

हे पत्र शांतपणे वाच. कुठे बसून वाच.

मागच्या पत्रांत मी नियमांचा बाऊ केला. खरं सांगायचं तर नियम गेले खड्ड्यात, मी येणारच होते. काल दुपारी बॅग भरली. भुवईंना सांगितलं, आईचं असं असं आहे, मी जाते. ते म्हणाले, "मुलगी म्हणून जा. परीक्षा पुढच्या वर्षी दे. पण तिथे दुभाषी होऊ नकोस." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, तुम्ही कुठे बघायला येताय.

बाकावर बसची वाट बघत होते. बस उशिरा होती. वेळ जात नव्हता म्हणून डॉक्टर काय म्हणतील ते मी हातांनी म्हणून बघत होते, तू इंटरव्ह्यूच्या आधी आरशासमोर बडबडायचास तसं. मनगट चिरणार. गाठ काढणार. टाके घालणार. पट्टी बांधणार. घरी जाणार. मग परत सुरुवातीपासून. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा माझ्या लक्षात आलं, मी बोटांचं म्हणतच नव्हते. गाठीवरून हात सरळ टाक्यांवर जात होते. मी ठरवलं नव्हतं रे. उलट खरं सांगायचं म्हणूनच निघाले होते. तुझ्याशी एवढी भांडले ती त्याचसाठी.

मी मुद्दाम तेवढंच म्हणून पाहिलं. "ही दोन बोटं वाकडी राहतील." समोर आईचा चेहरा आला आणि माझे हात मांडीवर पडले. बस आली, थांबली, गेली. मी बॅग घेऊन परत फाटकाच्या आत आले.

मी आले असते, तर मी गाळलं असतं. तू न सांगता गाळलं असतं, आणि नंतर तुलाच दोष दिला असता.

म्हणून मी येत नाही. दुसऱ्या एक जण येणार आहेत. आमच्याच संस्थेतून शिकून गेलेल्या दुभाषी बाई. त्यांचं इथलं नाव "खिसा", कारण काम नसलं की त्यांचे दोन्ही हात खिशात असतात. दवाखाने आणि कचेऱ्या हेच त्यांचं रोजचं काम आहे. मी आज बाहेर येऊन त्यांना फोन केला. वीस तारखेला सकाळी त्या दवाखान्याच्या दाराशी उभ्या असतील. त्या काही गाळणार नाहीत. काही घालणारही नाहीत.

मी नुसती येऊन बाजूला बसले तरी चाललं असतं, असं तू म्हणशील. मी खोलीत असले की आई माझ्याकडे बघते, तू माझ्याकडे बघतोस, डॉक्टरही माझ्याकडेच बघतात. माझ्याकडे बघू नका कोणी.

ताई


१५ ऑगस्ट

भाऊसाहेब,

"परकी बाई आमच्या घरच्या गोष्टीत नको." ठीक. घरात नाही येत त्या, दवाखान्यात येतायत. डॉक्टरसुद्धा परकेच आहेत, त्यांच्यासमोर आईचा हात उघडा करताना तुला काही वाटलं नाही.

"आई तिच्याशी बोलणारच नाही." आई पोस्टमनशी बोलते, गॅसवाल्याशी बोलते, त्या दोघांना ओ की ठो कळत नसताना. जिला कळतं अशी बाई समोर आल्यावर ती थांबेल असं तुला वाटतं?

आता मुद्द्याचं. खिसाबाईंना कोपऱ्यात घेऊन "तेवढं बोटांचं राहू द्या" असं सांगायला जाऊ नकोस. तू जाशील, म्हणून लिहिते. तू जे त्यांच्या कानात सांगशील तेसुद्धा त्या आईला हातांनी सांगतील. त्यांच्यासमोर कानगोष्ट नसते.

डॉक्टरांनाही सांगून ठेव, आईकडे बघून बोला. "यांना विचारा", "यांना सांगा" असं म्हणायचं नाही. "तुम्ही" म्हणायचं आणि आईलाच म्हणायचं. आणि खिसाबाई आईचं बोलणं सांगतील ते "मी" म्हणून. "त्या म्हणतात" असं नाही. म्हणजे आई "मला दुखतं" म्हणाली, तर बाई "मला दुखतं" म्हणतील. बाईंना दुखतंय असं समजून खुर्ची द्यायला धावू नकोस.

माझं अभ्यासात लक्ष नाही. काल एकाने टेबलावर थाप मारून मीठ मागितलं आणि मी त्याला पाणी दिलं. त्याने तेही पिऊन टाकलं, बिचारा.

ढब्बू, मला भीती वाटतेय. तुला वाटते तीच. ती नाही म्हणाली तर काय करायचं, ते मला माहीत नाही.

ताई


२४ ऑगस्ट

ढब्बूस आशीर्वाद. आज लिहिते, कारण तुझं चार पानी पत्र मी तीन वेळा वाचलंय.

पहिली दोन पानं तू मला शिव्या दिल्यास, त्या पोचल्या. "कसली बाई पाठवलीस! आईच्या नावाने वाट्टेल ते बोलत होती." मग तू ते वाट्टेल ते नीट लिहून काढलंस, तेवढं एक बरं केलंस. मी ते इथे उतरवते, कारण तू लिहिलंस पण वाचलं नाहीस असं मला वाटतं.

डॉक्टर सवयीने तुला म्हणाले, "जरा बाहेर या." तर बाई म्हणाली, "मला स्टुलावर बसवून बाहेर जाऊन बोलता, मी काय गाठोडं आहे?"

तू म्हणालास, "आई, तू शांत हो." तर बाई म्हणाली, "तू गप्प बस. हात माझा आहे."

डॉक्टरांनी बोटांचं सांगितलं. मावशी रडायला लागली. तर बाई म्हणाली, "हिला कोणीतरी बाहेर न्या. मी मेले की रडायला काहीतरी शिल्लक ठेव म्हणावं."

डॉक्टर म्हणाले, त्या दोन बोटांनी फारसं अडत नाही. तेव्हा आईने उजव्या हाताची ती दोन बोटं डाव्या हाताने धरून मिटली आणि उरलेल्या बोटांनी एकेक शब्द करून बघायला लागली. बाई एकेक शब्द तोंडाने सांगत होती. "पाणी, जमलं. उद्या, जमलं. मुलगा, जमलं. मुलगी, अर्धं. झोप, नाही. वाट बघ, नाही." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, असं तू लिहितोस. मग तिने विचारलं, "तुम्ही आजवर असे जितके हात चिरले, त्यातल्या किती जणांची बोटं वाकडी राहिली? खरा आकडा सांगा. मी काजं करते, मला उसवलेलं कळतं." आणि डॉक्टर म्हणाले, दहातल्या दोघांची. तुला त्यांनी आकडा सांगितलाच नव्हता.

ढब्बू, त्या बाईने आईच्या नावाने काही केलेलं नाही. जी बोलली ती आई आहे.

तुला धक्का बसलाय, बसणारच. तू तिला आजवर माझ्या तोंडून ऐकलंस. तुझ्या शाळेत त्या कडक मास्तरांना ती काय म्हणाली होती, माहीत आहे? "माझ्या पोराला परत हात लावलात तर तुमच्या कोटाच्या बाह्या उलट्या शिवून देईन." मी काय सांगितलं? "आई म्हणते, जरा सांभाळून घ्या." मास्तरांनी तुझ्या गालावरून हात फिरवला. मी चूक केली असं अजिबात म्हणत नाही. मी तिचं शब्दाला शब्द सांगत बसले असते, तर आपल्याला त्या गल्लीत कोणी भाड्याने खोली दिली नसती. पण तू समजतोस ती मऊ, "बरं बाळा" म्हणणारी बाई मीच होते. आई तुझ्या घरात राहते आणि तुझी तिची नीट ओळख झालेली नाही.

आता तिने ठरवलंय ते. तू त्याला "वेडेपणा" म्हणतोस. मला तर त्याच्यापेक्षा शहाणपणाचं काही सुचलं नसतं. ती दोन बोटं कापडाच्या पट्टीने तळव्याशी बांधून घेणार, आणि महिनाभर तशीच बोलणार. "घरातल्याला माझं बोलणं कळलं, तर सुरी लावा. नाही कळलं, तर हात चालेल तितके दिवस सगळ्या बोटांनी बोलून घेईन. मग बघू." डॉक्टरांनी मान्य केलं, महिन्याने काही बिघडत नाही म्हणाले.

घरातला म्हणजे तू. मावशीला आईच्या चेहऱ्यावरच्या रागलोभापलीकडे काही कळत नाही. मी चालणार नाही, असं आई स्पष्ट म्हणाली म्हणे: "तिला मी हात बांधून बसले तरी कळेल. तिला विचारण्यात अर्थ नाही."

हे वाचून मी रडले. तुला सांगायला लाज कसली. वर्गात रडले, सगळ्यांसमोर, आणि इथे कोणाला ऐकू गेलं नसलं तरी सगळ्यांनी बघितलं.

ढब्बू, तिचा हात तुझ्यावर टाकलाय तिने. नीट बघ तिच्याकडे.

ताई


१ सप्टेंबर

ढब्बू,

तू लिहितोस, रोज जेवताना ती बोलते आणि तू मान डोलावतोस. मग ती थांबते, तुझ्याकडे बघते, आणि तेच परत सांगते. तू परत मान डोलावतोस. मग ती ताट उचलून आत जाते. "ती चिडलीये का?"

मान डोलावू नकोस. तुला कळलेलं नसताना तू लहानपणापासून मान डोलावतोस, मला ठाऊक आहे. त्याच वेळी मी पलीकडून तुला तोंडाने सांगायचे, म्हणून चालून गेलं. आईला खोटी मान लगेच कळते. तिने जन्मभर तेवढंच बघितलंय, दुकानात, बँकेत, नात्यात. तू मान डोलावलीस की ती समजते, ह्या हाताने बोललेलं पोचत नाही.

आणि ढब्बू, पोचलं नाही तर ती ऑपरेशन करणार नाही.

काल परीक्षेचं वेळापत्रक लागलं. मी अगदी शेवटची आहे. भुवई म्हणाले, "तू शेवटी, कारण तुझ्यासमोर सगळ्यांत अवघड माणूस बसवणार आहे." मी विचारलं, कोण? ते म्हणाले, "मी." मला हसू आलं नाही.

तुला अभ्यासाला एकच गोष्ट सांगते. तिच्या हातांकडे टक लावून बघू नकोस, तोंडाकडे बघ. हात आपोआप दिसतात. आणि जेवायला बसता तिथला दिवा तुझ्या मागे आहे, तिच्या तोंडावर अंधार नसला तरी तुझ्या तोंडावर असतो. खुर्च्या अशा फिरवा, की उजेड दोघांच्या बाजूने येईल.

ताई


८ सप्टेंबर

ढब्बू,

तुझं पाकीट आलं. यावेळी शिव्या नाहीत. चित्रं आहेत.

चित्रकलेत तू नापास व्हायचास ते योग्यच होतं. तरी पट्टी बांधलेला हात कळला, बाण कळले. तू लिहितोस, आता तू मान डोलावत नाहीस, "नाही कळलं" म्हणतोस, आणि ती पुन्हा सांगते. बरंचसं कळायला लागलंय. वरच्या मजल्यावरच्या बाईंची निंदा तर तुला सगळी कळली, ती कळायला बोटं लागतच नाहीत. पण रोज झोपायला जाण्याआधी ती हे एकच सांगते, आणि हे तुला काही केल्या कळत नाही. म्हणून तू चित्र काढून मला विचारतोयस: "ताई, याचा अर्थ काय? एवढंच सांग. बाकीचं मी बघतो."

मला पहिल्या चित्रातच कळलं. दुसरं, तिसरं मी उगाच बघितलं, परत परत बघावंसं वाटलं म्हणून. ऑपरेशनचं नाही ते. तक्रार नाही. ती काही मागतही नाहीये तुझ्याकडून. ते तुझ्याबद्दल आहे, आणि ते तिने मला आजवर कधी तुला सांगायला दिलं नाही. मला वाटतं, ते माझ्या तोंडून गेलेलं तिला नको होतं.

मी सांगणार नाही.

चिडू नकोस, ऐक. मी सांगितलं, तर तू उद्या मान डोलावशील, खरी मान, आणि आईला वाटेल पोचलं. ती खूश होऊन डॉक्टरांकडे जाईल आणि हात पुढे करेल. आणि पोचलेलं नसेल रे, मी पोचवलेलं असेल. उद्या ती बोटं खरंच वाकडी राहिली, तर त्या घरात कोण बसणार आहे तिच्यासमोर? माझ्या परीक्षेला अजून वेळ आहे, ती मी देईन. ही तुमची दोघांची आहे.

मला तुला सांगायची किती इच्छा होतेय, ते तुला कळणार नाही. दोनदा मी ते लिहिलं आणि दोनदा पान फाडलं.

खुर्ची तिच्या समोर घे. परत विचार. तिला दमवलंस तर चालेल, दमणारी नाही ती. नाहीच कळलं, तर नाही कळलं म्हण, आणि जे होईल ते होऊ दे.

आणि मला पत्र लिहून विचारू नकोस. ती समोर बसलीये.

ताई